घरपोच म्हटलेला होका

मालवणच्या किनाऱ्यावर मला होका म्हणतात. शाळेच्या पुस्तकात माझंच नाव होकायंत्र. पितळेची वाटी, वर जाड काच, आत स्पिरिट आणि त्यात तरंगणारी, दिशा लिहिलेली गोल चकती. होडी कितीही डोलली तरी माझी चकती उत्तर दिशा सोडत नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका लहानशा कारखान्यातला. तिथून विजयदुर्गच्या सत्यवान तांडेलांनी मला आणलं आणि आपल्या होडीवर सुकाणूच्या पुढ्यात बसवलं. धुक्यात ते आधी माझ्याकडे बघत आणि मग समुद्राकडे. माझ्याशी कधी चार शब्द बोलले नाहीत, पण नारळी पौर्णिमेला होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावलं की एक बोट माझ्या काचेलाही लावत. मला तेवढं पुरत होतं.

पुढे त्यांच्या मुलाने, अजयने, होडीवर उपग्रहावरून दिशा सांगणारं यंत्र बसवलं. मला त्याचा राग नाही. ते यंत्र चांगलंच आहे. राग येतो तो माझं नंतर जे केलं त्याचा. मला माळ्यावर फाटक्या जाळ्यांखाली ठेवलं आणि कोणी विचारलं की सगळे म्हणायचे, असू दे, जुनी आठवण आहे. सत्यवान तांडेल वारले तरी मला कोणी खाली काढलं नाही. माणसं आठवण जपतो म्हणतात आणि वस्तूवर साधं फडकं मारत नाहीत.

शेवटी भंगाराची गाडी दारात आली. तांडेलांची बायको हौसाबाई मला घेऊन बाहेर आली, आणि त्याच वेळी दुचाकीवरून क्लॉडिया येऊन उतरली.

क्लॉडिया मालवणची. इतिहास घेऊन पदवीधर झालेली. होड्यांचं जुनं सामान, घंटा, कंदील, कप्प्या, असं गावोगाव फिरून विकत घ्यायची आणि ऑनलाइन लिलावात विकायची. भंगारवाला वस्तूचं वजन विचारतो. ही विचारायची की वस्तू कोणाच्या होडीवर होती, कुठवर गेली, दुरुस्त कोणी केली. मग तेच सगळं फोटोखाली लिहायची. मी पुष्कळ माणसं पाहिली, पण जुन्या वस्तूशी इतक्या आदराने वागणारं दुसरं कोणी पाहिलं नाही.

हौसाबाई म्हणाली, "ह्येका कोण घेतलो गो? थरथरता तो अजून."

"थरथरता म्हणजे जिवंत आसा, काकी," क्लॉडिया म्हणाली आणि मला ओढणीत गुंडाळलं.

तिच्या घरी मात्र या धंद्याला कोणी धंदा म्हणत नव्हतं. तिचे वडील रोनाल्ड बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते मुलगी भंगार गोळा करत होती. ओळखीच्या एका माणसाकडून त्यांनी तिच्यासाठी कुडाळच्या ऑफिसात नोकरी बघून ठेवली होती. रोज जेवताना तोच विषय. एकदा कंटाळून क्लॉडिया म्हणाली की लिलावाच्या साइटवरचं माझं खातं ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी मी कुडाळला जाईन. रोनाल्डनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

तिने मला साफ केलं. झाकणाला नवीन रबर बसवलं, म्हणजे स्पिरिट गळून काचेखाली बुडबुडा येणार नाही. मग मला लिलावात ठेवलं. फोटोखाली स्पष्ट लिहिलं: कुरिअरने घरपोच, भाडं किमतीत धरलेलं आहे, वर काही लागणार नाही. बोली चढत गेली आणि पुण्याच्या विनीताने मला जिंकलं. विनीता धरणाच्या पाण्यावर मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवते.

क्लॉडियाने मला काथ्यात बसवून खोक्यात भरलं. मावसबहिणीच्या लग्नाला तिला मडगावला जायचं होतं. जाताना तिने वडिलांना एकच काम सांगितलं, खोकं कुरिअरला द्या. पत्ता चिकटवलेला होता, बोलायचीही गरज नव्हती.

पण रोनाल्ड बोलले. कुरिअरच्या माणसाने आत काय आहे विचारल्यावर त्यांनी माझी सगळी कुंडली सांगितली. स्पिरिट ऐकताच तो म्हणाला की असं असेल तर लाकडी पेटी लागेल आणि पाठवण्याचा आकार, म्हणजे भाडं, जास्त पडेल. क्लॉडियाला एक फोन केला असता तर ती म्हणाली असती, द्या जास्त आकार, माझी मी भरते. मोठ्या माणसांना तेवढा एक फोन का जड जातो, हे मला आजवर उलगडलेलं नाही. रोनाल्डनी खोकं उचललं आणि थेट पुण्याच्या खासगी बसचा ड्रायव्हर दत्तप्रसाद याच्याकडे नेलं.

आमच्याकडे ही रीतच आहे. आंब्याची पेटी, सुकी मासळी, घरी विसरलेला चष्मा, सगळं ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती जातं. भाडं कोणी विचारत नाही. ज्याची वस्तू असेल तो पहाटे चौकात येऊन उभा राहतो, गावचा वास असलेली पिशवी घेतो आणि खूश होऊन घरी जातो. रोनाल्डना वाटलं, याहून चांगलं काय असणार. ते दत्तप्रसादला म्हणाले, "कुरिअरवालो आपटतलो रे. तू मांडयेर घेऊन जा."

त्याने खरंच जिवापाड जपलं. मला आपल्या सीटजवळ ठेवलं आणि घाटात एका हाताने सावरलं. फक्त माझ्या शेजारी कोणाच्या तरी सुरमईचा थर्माकोलचा डबा होता आणि कोल्हापूर येईपर्यंत त्यातला बर्फ वितळला.

पुण्यात विनीताला पहाटे अनोळखी नंबरवरून फोन आला की कात्रजला या, पार्सल आलंय. तिला वाटलं, कोणीतरी फसवतंय. तिने फोन ठेवला. दत्तप्रसाद थांबून थांबून शेवटी मला बसच्या ऑफिसात ठेवून गेला. तिथल्या माणसांना गावच्या रीतीशी देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी खात्री करून विनीता आली, तेव्हा त्यांनी तिच्याकडून हमाली घेतली, पार्सल आकार घेतला आणि दिवसभर ठेवल्याचंही वेगळं घेतलं. हातात आलं ते माशाच्या पाण्याने भिजलेलं खोकं.

घरी येऊन तिने मला पुसलं आणि काच उजेडात धरून पाहिली. बुडबुडा नव्हता. मग शांतपणे बसून तिने साइटवर तक्रार लिहिली की वस्तू चांगली, पण विक्रेत्याने सांगितलं एक आणि पाठवलं भलत्याच मार्गाने, वर आकार माझ्याकडून वसूल केला. साइटचा नियम कडक होता. अशी फसवणूक सिद्ध झाली की खातं कायमचं बंद.

दुसऱ्या दिवशी, मडगावहून घरी परतलेल्या क्लॉडियाचा व्हिडिओ कॉल आला. फोन टेबलावर माझ्या समोरच उभा केलेला होता, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं आणि ऐकलं.

विनीता म्हणाली, "तुम्ही घरपोच लिहिलं होतं. मी चौकात जाऊन, पैसे भरून, मासळीचं खोकं उचललं. याला घरपोच म्हणतात?"

"नाही म्हणत," क्लॉडिया म्हणाली. "कुरिअरला दिलंच नव्हतं, बसने पाठवलं. मला तुमची तक्रार वाचून कळलं. तुम्ही भरलेला सगळा आकार मी परत करते. आणि तक्रार खरी आहे, असंच साइटला लिहिते."

विनीता बहुतेक भांडायची तयारी करून बसली होती. "तसं लिहिलंत तर खातं बंद होईल."

"माहीत आहे."

मागून रोनाल्डचा आवाज आला. "अगो, कुरिअरवालो आपलो माणूस. मागची तारीख घालून पावती दितलो. कोणाक कळतला?"

क्लॉडियाने मान वळवली नाही. "माका कळतला, पप्पा." मग तिचा आवाज चढला. "तुमी होको सांभाळलात. माझो शब्द खंय टाकलात?"

मी आयुष्यभर समुद्रावर राहिलो, वादळात गप्प राहणारी माणसं पाहिली. घरात, आपल्याच बापासमोर, आपलं नुकसान होणार हे कळूनही खरं धरून राहणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहत होतो. ती ओरडत होती, तिचे डोळे भरले होते, आणि तरी ती जागची हलली नाही.

मग फोनवर रोनाल्डचा चेहरा आला. साहेबापुढे उभं राहावं तसे ते शुद्ध मराठीत सुरू झाले. "मॅडम, मी तिचा बाप. चूक मी केली, तिला न विचारता केली. नाव लिहायचं तर माझं लिहा." एवढं बोलून त्यांची ती भाषा संपली आणि मुलीसाठी ते मालवणीत उतरले. "माझ्या चेडवाचा दुकान बंद करू नको गो, बाय."

खातं बंद झालं की मुलगी कुडाळच्या नोकरीला जाणार, हे त्यांना माहीत होतं. रोज जेवताना ते हेच तर मागत होते. त्या दिवशी त्यांनी उलट मागितलं. वडीलधाऱ्यांवर मी पुष्कळ चिडतो, पण हे मी त्यांच्या बाजूने सांगणारच.

विनीताने तक्रार मागे घेतली नाही. ते मला आवडलं. तिने त्यात भर घातली: पाठवण्याचा मार्ग घरच्यांनी बदलला, विक्रेतीने काहीही न लपवता कबूल केलं, आकार परत मिळाला, खातं बंद करू नये. साइटने क्लॉडियाला ताकीद दिली आणि तिच्या नावापुढे लाल खूण लावली. खातं चालू राहिलं. खुणेखाली क्लॉडियाने स्वतःहून लिहिलं, "हे खरं आहे." कुडाळच्या माणसाला नकार कळवायला रोनाल्ड स्वतः गेले, असं ती विनीताला नंतर सांगत होती.

मी आता विनीताच्या होडीत असतो. इथे भरती नाही, खारा वारा नाही. मुलं आळीपाळीने माझ्यावर वाकतात आणि उत्तर सापडली की एकमेकांना ढकलतात. माझी काच रोज पुसली जाते.

तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला खाली काढा. ठेवणार असाल तर पुसून ठेवा, विकणार असाल तर तो कसा जाणार आणि वरचा आकार कोण भरणार हे आधी लिहून द्या. आणि मुलीने शब्द दिला असेल तर तो मोडण्याआधी तिला एक फोन करा. तुमची माया खरी असेल, पण शब्द तिचा आहे.

येतो मी. शीड चढलंय, आणि सुकाणूवर आज एक नवी मुलगी बसली आहे.