कचेरीच्या पायरीवरची मालकीण

पाटीवर नाव कुणाचं घालायचं, हा प्रश्न परंड्याच्या कल्याणप्पांच्या घरात खरं तर कधीच सुटला होता. खवा गंगम्माचा, म्हणून नाव गंगम्माचं. कल्याणप्पांनीच तसा शब्द दिला होता, तोही लिंगायताला प्राणासारख्या असणाऱ्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून. शब्द देताना माणसाचं काही जात नाही. पाळायची वेळ आली की पंचाईत होते.

गंगम्मा ही त्यांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं आणि ती माहेरी परत आली. माहेरानं तिला एक कोपरा दिला. त्या कोपऱ्यात तिनं चूल पेटवून म्हशीचं दूध आटवायला घेतलं आणि पंचवीस वर्षांत त्या चुलीची भट्टी झाली. कढई उतरली की गरम खव्याचा पहिला गोळा ती धाकट्या भावाच्या तळहातावर ठेवायची, तो दहा वर्षांचा होता तेव्हापासून. बार्शीचे हलवाई तर "गंगम्माचा आहे का?" एवढंच विचारून माल उतरवून घेत. कल्याणप्पांचं काम म्हणजे खव्याची डालगी गाडीत घालून निजामाच्या नाक्यापलीकडं, इंग्रजी हद्दीतल्या बार्शीला पोचवायची.

मग महायुद्धाचे दिवस आले आणि निजाम सरकारचा हुकूम निघाला. नाक्यापलीकडं माल न्यायचा असेल तर दुकानाचं नाव आणि मालक तहसील कचेरीत नोंदवा, परवाना घ्या, दारावर पाटी लावा.

गंगम्मानं शाळेत जाणाऱ्या भाचीला, कल्याणप्पांच्या लेकीला, शिवगंगेला, जवळ बसवलं आणि भट्टीच्या राखेत बोटानं सही गिरवायला सुरुवात केली. दोन महिने! चाळिशी उलटलेली बाई राखेत 'ग' काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. "अंगठा कशाला? माजं नाव म्याच लिव्हनार," म्हणायची. तो परवाना तिच्या लेखी नुसता कागद नव्हता. भावाच्या घरची आश्रित बाई त्या दिवसापासून मालकीण होणार होती.

कचेरीत जायच्या आदल्या दिवशी पेठेतले कापडवाले शिवलिंगप्पा आले. त्यांच्या मुलाचं लग्न होतं आणि पेढ्यांसाठी खवा हवा होता.

"ऐकतो ते खरं का, कल्याणप्पा? पाटीवर पांढऱ्या कपाळाच्या बाईचं नाव घालताय?"

"खवा तर तीच करती की. तुमच्या लेकीच्या लग्नातबी तिचाच व्हता."

"हात कोन बघतंय, आवं? हात चालतो. नाव न्हाय चालत! लग्नाच्या पेढ्याला असलं नाव चिकटवून आणलं तर सोयरे काय म्हनतील? पेठेतलं एक गिऱ्हाईक तुमच्या पायरीला यायचं न्हाय."

पंचवीस वर्षं ज्या हाताचं खाल्लं, त्याच हाताचं नाव म्हणे अपशकुनी! कल्याणप्पांनी शिवलिंगप्पांना दाराबाहेर काढायला हवं होतं. त्यांनी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गंगम्मा ठेवणीतलं निळं इरकल नेसून निघाली. कचेरीच्या दारात कल्याणप्पा म्हणाले, "अक्का, तू हितंच बस. आत बाप्यांची गर्दी हाय. सहीला बोलावतो." ती पायरीवर बसली.

आत मुन्शीनं विचारलं, "मालिक का नाम?"

पायरीकडं पाठ करून कल्याणप्पा म्हणाले, "कल्याणप्पा, वल्द माणिकप्पा." मुन्शीनं लिहून घेतलं. एवढं सोपं असतं दुसऱ्याचं आयुष्य स्वतःच्या नावावर करणं!

बाहेर गंगम्मा गुडघ्यावर बोटानं सही गिरवत बसली होती.

"झालं," कल्याणप्पा म्हणाले.

"आन् माजी सही?"

"लागली न्हाय."

तिनं एकदाच त्यांच्याकडं पाहिलं आणि ती पुढं चालू लागली. भांडली असती तर कल्याणप्पांना बरं वाटलं असतं. ती भांडली नाही.

सोमवारी 'कल्याणप्पा खवा भांडार' अशी पाटी लागली. शिवलिंगप्पांसकट पेठ जमली, वृद्ध जंगम गुरू शिवशरण अय्या आशीर्वादाला आले. शुभकार्य म्हणून पहिली कढई सवाष्णीच्या हातानं चढवायची ठरली, म्हणजे कल्याणप्पांच्या बायकोच्या, उमाबाईंच्या हातानं. "थोडा वेळ पुढं येऊ नको, अक्का," असं सांगून कल्याणप्पांनी बहिणीला माजघरात बसवलं.

उमाबाई बिचारीनं कधी उलथणं धरलं नव्हतं. जाळ मोठा झाला, हात थांबला आणि दूध बुडाला लागलं. करपल्याचा वास पेठभर गेला.

"वन्सं, या की वो!" उमाबाई ओरडल्या.

आतून शांत आवाज आला, "मला पुढं येऊ नको म्हनलंय."

अय्या काठी टेकत उठले. "आता सांगा, शिवलिंगप्पा, अपशकुन कुनाचा झाला? सवाष्णीचा का विधवेचा?"

"तसं न्हाय, अय्या. रीत हाय."

"रीत! पंचवीस वरसं पेढे खाताना ही रीत कुठं झोपली व्हती?" अय्या कल्याणप्पांकडं वळले. "आपल्यात विटाळ न्हाय, सुतक न्हाय म्हनून लई छाती काढून सांगतो आपन. तुज्या गळ्यात जे लिंग, तेच तिच्या गळ्यात. नवरा मेला तवा तिचं लिंग कुनी काढून घेतलं का रं? मग नाव कसं काढून घेतलंस? कुनी म्हस न्हेली तर आपन बोंब मारतो. बाईचं नाव न्हेलं तर त्याला रीत म्हनतो!"

कल्याणप्पांचा हात आपसूक गळ्याकडं गेला. याच लिंगावर हात ठेवून शब्द दिला होता! सगळ्या पेठेदेखत त्यांनी पाटी उतरवली. शिवलिंगप्पा तोंड वाकडं करून निघून गेले. लग्नाच्या खव्याची मागणी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी गंगम्मा पायरीवर न थांबता थेट आत गेली. मुन्शीनं जुनी नोंद खोडली.

"किसकी कौन लिखूँ? बाईचं नाव असलं की कुणाची कोण ते लिहावं लागतं."

कल्याणप्पा सावरून उभे राहिले. आता ती म्हणेल, कल्याणप्पाची बहीण.

"कुनाची न्हाय," गंगम्मा म्हणाली. "लिव्हा, खवा करनारी गंगम्मा."

मुन्शीनं दोघांकडं पाहिलं आणि तसंच लिहिलं. तिनं सही केली, एकही अक्षर न चुकता.

बाहेर आल्यावर कल्याणप्पा म्हणाले, "अक्का, चुकलो."

"व्हय, चुकलास," ती म्हणाली.

भट्टी पुन्हा पेटली, बार्शीला माल जाऊ लागला. कल्याणप्पांनी स्वतः दारावर बहिणीच्या नावाची पाटी ठोकली. कढई उतरली की ते सवयीनं जवळ जाऊन उभे राहत. पहिला गोळा आता शिवगंगेच्या तळहातावर पडे. गंगम्मा भावाला उपाशी ठेवत नसे, पण तो गोळा त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही.

वाचकहो, आपल्याही घरात कुणी राबत असेल आणि पाटीवर नाव आपलं असेल, तर आजच ती पाटी उतरवा. ज्याचे हात, त्याचंच नाव. ते वेळेवर दिलं तर मान होतो. हिसकावून मग परत केलं तर ती नुसती परतफेड असते, आणि परतफेडीनं माया परत येत नाही.