लेहच्या हौदाले पाइप

घाटंजीत नळ जोडणारा उकंडा एकच. त्याच्या हातचा सांधा गळताना दाखवा अन् पैज जिंका, असं लोक म्हणत. पण चौसष्टच्या दिवाळीत लेहहून पोराचं पत्र आलं अन् गड्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

पोरगा श्रावण तिकडं फौजेत पाण्याच्या कामावर होता. जवानांच्या पिण्या-आंघोळीच्या हौदाचा पाइप दर हिवाळ्यात गोठून फुटतो अन् मग पोरांना बर्फ वितळवत बसावं लागतं, असं त्यानं लिहिलं होतं. यंदा नवा पाइप घालायचा, पण कोणता? 'माह्या बापाले ठाऊक असन, असं मी सुभेदारसायबाले सांगून बसलो.'

आता बापानं बर्फ पाहिला होता तो फक्त बाबूसिंग कुल्फीवाल्याच्या बादलीत! मग काय, बाजाराच्या दिवशी उकंडानं पाइपाचे तीन तुकडे पाण्यानं भरले, तोंडं बंद केली अन् बाबूसिंगच्या मीठ-बर्फात खुपसले. गिऱ्हाईक पळेल म्हणून बाबूसिंग आधी कुरकुरला, पण दुपारी धंदा सोडून तोच मान लांब करून बसला.

बिडाचा तुकडा तडकला. लोखंडी तुकडा शिवणीवर उकलला. नवा निघालेला काळा प्लास्टिकचा फुगला पण फुटला नाही. त्याचा सांधा मात्र सुटून बाहेर आला. उकंडानं कपाळाला हात लावला.

शेजारी बसलेली त्याची बायको कांताबाई सरळ बोलली, "पाइप काळाच सांग त्याले. पण रातभर त्याच्यात पाणी ठेवाचंच कायले? उतार द्यावा, सांजच्यानं सांडून टाकावं."

उकंडा असा भडकला म्हणता, दोन दिवस बायकोशी बोलला नाही. भडकणारच! लहानपणी त्याची माय विहिरीपासून दूर ओंजळ धरून उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून ओतायचा, नाहीतर उन्हातच उभं राहायचं. थेंब सांडला तर माय पोराच्या पाठीत धपाटा घालायची. त्या मायच्या लेकानं जन्मभर पाइप असे बसवले, की पाणी तोटीपर्यंत भरून राहावं, थेंब वाया जाऊ नये. अन् आता त्यानंच 'सांडून टाक' लिहायचं?

तिसऱ्या दिवशी त्यानं काळ्या तुकड्याचा सांधा पुन्हा बसवला अन् तो रिकामाच बर्फात ठेवला. सांज झाली तरी सांधा जागचा हलला नाही. बायको खरी ठरली होती. मग त्यानं कार्ड घेतलं अन् जड हातानं लिहिलं, 'काळा पाइप घाल. हौदापासून खाली उतार दे. रोज सांजी खालची तोटी उघडून पाणी सांडून टाक.' कार्ड पेटीत टाकताना त्याला मायची फार आठवण आली.

होळीच्या सुमारास उत्तर आलं. उकंडानं ते कांताबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

'बाबा, हिवाळा निघाला, पाइप शाबूत हाये. सायबानं तुमाले सलाम सांगतला. सांडाच्या आधी मी रोज एक बादली भरून चुलीपाशी ठेवतो. जो येते तो पेते. कोणाले ओंजळ नाई धराले लावत, लोटाच हातात देतो.'

पुढच्या दोन ओळी उकंडाला वाचता येईनात. कांताबाईनं कार्ड काढून घेतलं अन् पाण्याचा लोटा त्याच्या हातात दिला.