आधीचा फोटो

फौजदारीण हे नाव तिला सासूने ठेवलं होतं. सासू जाऊन चौदा वर्षं झाली, नाव मात्र जागचं हललं नाही. आता नावासारखं तिच्यात काही नव्हतं असंही नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा ती रस्त्याच्या मधून चालायची आणि समोरच्याने बाजूला व्हावं हे तिने गृहीतच धरलेलं असायचं. शर्टांच्या कारखान्यात तेवीस वर्षं तिने काजं केली. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी बाकीच्या बायका रडल्या. हिने मालकाला विचारलं, मी बसते ती खुर्ची नेऊ का? मालक नाही म्हणाला. तिने खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली आणि घरी आली.

दोन वर्षं रिकामी बसल्यावर सुशोभन आलं. योजनेचं खरं नाव कागदावर दोन ओळी भरेल एवढं होतं, पण बायकांनी त्याचं सुशोभन करून टाकलं. हाताला काम नसलेल्यांना सहा महिने काम द्यायचं आणि त्यांच्याकडून गल्ल्या, कोपरे, पडक्या भिंती साफ करून रंगवून घ्यायच्या. शहरही नटेल आणि माणसंही जेवतील, एका दगडात दोन पक्षी. सात बायकांची एक टोळी, वर एक मुकादम. सगळ्यांना एकाच मापाची नारिंगी जाकिटं मिळाली, आणि ते माप कुठल्याही बाईचं नव्हतं.

नाव नोंदवायला गेल्या तेव्हा प्रभाग कार्यालयाने त्यांना मागच्या आवारात तीन तास उभं केलं होतं. पुढच्या बाजूला 'स्वच्छ प्रभाग, सुंदर प्रभाग' अशी चकचकीत पाटी. मागे मोडक्या खुर्च्यांचा ढीग, गंजलेली कपाटं, भिजून फुगलेले कागदांचे गठ्ठे, चहाचे कप, आणि एका गळक्या नळाखाली साचलेलं हिरवं डबकं. बसायला एक धड खुर्ची कुणी दिली नाही. दिव्याखाली अंधार, असं फौजदारीण मोठ्याने म्हणाली, आणि खिडकीतल्या कारकुनाने खिडकी लावून घेतली.

नियम कागदभर होते, पण एक मात्र देवाने सांगितल्यासारखा पाळायचा. प्रत्येक जागेचे दोन फोटो हवेत, काम सुरू होण्याआधीचा एक आणि काम संपल्यानंतरचा एक, दोन्ही एकाच ठिकाणी उभं राहून काढलेले. अशा अकरा जागा मुदतीत झाल्या तर टोळीला आणखी सहा महिने काम. दहाच झाल्या तर जाकिटं जमा करायची आणि घरी जायचं.

दहा झाल्या होत्या. अकरावी जागा होती फौजदारणीच्या थोरल्या बहिणीच्या घरामागची गल्ली. या बहिणीला सगळी टोळी ताईच म्हणायची. चार वर्षांपूर्वी ताईचे पाय गेले, तेव्हापासून ती मागच्या खोलीत पलंगावर होती. त्या खोलीला एकच खिडकी, ती गल्लीत उघडणारी, आणि ती अकरा वर्षं खिळे ठोकून बंद होती, कारण गल्लीत पुरुषभर उंच उकिरडा होता. पहिली पिशवी कुणी टाकली कोण जाणे. नंतरचे सगळे, सगळेच टाकतात म्हणून टाकत गेले.

टोळीने तो ढीग तीन दिवस उपसला. आतून गाद्या निघाल्या, एक पाळणा निघाला, अर्धी सायकल निघाली. तिसऱ्या दिवशी फावडं दगडावर वाजलं आणि खाली फरशी आहे हे गल्लीतल्या म्हाताऱ्यांनासुद्धा नव्याने कळलं. मग धुणं झालं, भिंतींना पांढरा रंग झाला. फौजदारणीने स्वतः हातोडीने खिडकीचे खिळे उपटले. ताई बराच वेळ नुसती उजेडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, आता किती वाजले ते कुणाला विचारायला नको. फौजदारणीला हुंदका आला, आणि हुंदका आल्याचा तिला रागही आला.

गल्ली पुन्हा भरू नये म्हणून तिने दारोदार जाऊन बजावलं होतं की ज्याची पिशवी त्याच्याच घरात परत येईल. दोनदा तिने तसं केलंही. दुसऱ्या वेळी तर पिशवी थेट टाकणाऱ्याच्या सोफ्यावर ठेवून आली. तेव्हापासून गल्लीत कागदाचा कपटा पडत नव्हता.

मुदत संपायला एक दिवस राहिला होता. शुक्रवारी दुपारी डबे उघडून सगळ्या सावलीत बसल्या होत्या आणि मुकादम ऑफिसला पाठवायला फोटो लावत होते. मुकादम सरळ माणूस, पण प्रभाग कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला की उभं राहून बोलायचे. बघता बघता त्यांचा चेहरा पडला. गल्लीच्या आधीच्या फोटोत गल्ली नव्हतीच. होता तो मुकादमांचा अंगठा, काठोकाठ. वरच्या कोपऱ्यात चिमूटभर आभाळ, बाकी सगळा अंगठा. अंगठेबहाद्दर म्हणतात ते असे, असं कुणीतरी म्हणालं, पण हसू लगेच विरलं. आधीचा फोटो नाही तर जागा नाही, आणि जागा नाही तर काम नाही, हा हिशेब लावायला कुणाला शाळेत जायला नको होतं.

मुकादमांनी उभं राहून साहेबांना फोन केला. साहेबांनी तोडगा चुटकीसरशी दिला. डेपोतून कचऱ्याची एक ट्रॉली येईल. गल्लीत ओतायची, फोटो काढायचा, पुन्हा भरायची. अर्ध्या तासाचं काम. दुसरीकडेही असंच करतात म्हणे.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिली बोलली ती काडी. अंगाने काडी म्हणून काडी, पण दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेला सासरा त्या काडीच्याच आधारावर होते. तिचं म्हणणं सरळ होतं, एवढा ढीग उपसला तिथे आणखी एक ट्रॉली काय जड आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

फौजदारीण नाही म्हणाली. मुकादमांनी समजावलं, काडीने समजावलं, तरी नाहीच.

"तेवीस वर्षं काजं केली मी," ती म्हणाली. "मालक चोर होता, पण झालेलं काज उसवून पुन्हा कर असं त्यानंही कधी सांगितलं नाही. आणि गल्लीनं एकदा बघितलं ना, की हे जाकीटवालेच घाण टाकतात, की उद्या मी कुणाच्या सोफ्यावर पिशवी ठेवू?"

तीन वाजता ट्रॅक्टर आला. ट्रॉलीचा वास त्याच्या आधी पोचला. फौजदारीण गल्लीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आपल्याला भीती वाटते आहे हे तिला कळत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून ती आणखी ताठ झाली. मुकादम तिच्याशी हुज्जत घालायच्या फंदात पडले नाहीत. ते तिच्या बाजूने आत गेले आणि खिडकीशी थांबले. ताई, फक्त अर्धा तास खिडकी लावून घ्यायला सांगा कुणाला, अशी त्यांनी अगदी हात जोडून विनंती केली.

ताईचा आवाज बारीक होता, पण गल्ली रिकामी असल्यामुळे तो टोकापर्यंत गेला.

"अकरा वर्षं लावलेलीच होती, मुकादम. तेव्हा कुणी उघडायला आलं नाही. आता मी लावणार नाही. टाका तुम्ही, मी इथून बघते."

ट्रॅक्टरवाल्याचा हात दांड्यावर होता. त्याने खिडकीकडे बघितलं, मग बायकांकडे, आणि विचारलं की ओतायचं काम माझं, पण उचलणार कोण ते आधी सांगा. मुकादमांनी काडीकडे बघितलं. काडीच्या हातात फावडं होतं. खिडकीत ताईचा चेहरा दिसत होता, उशीवर वळवलेला. काडीने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. मग बाकीच्यांनीही ठेवलं. ट्रॅक्टरवाल्याने थोडा वेळ वाट बघितली आणि ट्रॅक्टर मागे घेतला.

फौजदारणीला वाटलं आपण जिंकलो. तेवढ्यात काडी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या ताईची खिडकी राहिली. सोमवारपासून मी पोरींना काय घालू? उजेड?"

काडी निघून गेली. तिच्या मागोमाग एकेक करून सगळ्या गेल्या. फौजदारीण ताईच्या खोलीत आली आणि कारखान्यातून आणलेल्या त्याच खुर्चीवर बसली; ती तिने कधीच ताईच्या पलंगाशी आणून ठेवली होती. काडीचं खोटं नव्हतं, हेच तिला टोचत होतं. आपण ताठ उभं राहायचं आणि दुसरीच्या पोरींनी उपाशी राहायचं, ही कसली फौजदारी? ती हे सगळं ताईला सांगत सुटली. ताई पाठीवरून हात फिरवेल अशी तिची समजूत होती.

"तू लहानपणापासून अर्धंच भांडतेस," ताई म्हणाली. "नाही म्हणून येतेस. मग काय, ते सांगत नाहीस."

मग काय? फौजदारणीने जाकिटाच्या खिशातला नियमांचा कागद काढला. सहा महिने तो तिथेच होता, दोनदा धुऊनही निघाला होता. तो तिने खिडकीच्या उजेडात धरला आणि अक्षर न् अक्षर वाचला. चौथ्या कलमाशी ती थांबली. कामासाठी प्रभागातील कोणतीही सार्वजनिक जागा निवडता येईल, असं त्यात लिहिलं होतं. कोणतीही. तिने तो शब्द ताईला पुन्हा वाचून दाखवला आणि मग ती इतकी हसली की शेजारची डोकावून गेली.

अंधार पडायच्या आत ती सहा घरी जाऊन आली. पाच जणींनी तिला वेड्यात काढलं, पण येतो म्हणाल्या. काडीने दार अर्धंच उघडलं. फौजदारणीने आधी माफी मागितली, जी तिला मागता येत नव्हती, त्यामुळे ती दमदाटीसारखी निघाली. सकाळी सातला फावडं घेऊन ये, एवढंच मग तिने सांगितलं, आणि कुठे ते सांगितलं. काडी दार लावून आत गेली.

सकाळी सातला प्रभाग कार्यालयाच्या मागच्या आवारात फौजदारीण पोचली तेव्हा काडी तिच्याही आधी येऊन उभी होती. खुर्च्यांचा ढीग सहा महिन्यांत वाढला होता. कागदांच्या गठ्ठ्यांवर आता गवत उगवलं होतं आणि डबक्याने आजूबाजूची जमीनही आपल्यात घेतली होती. कुणी घमेली आणली, कुणी खराटे, एकीने घरातून रंगाचा उरलेला डबा. मुकादमांना काय चाललंय ते आल्यावरच कळलं, आणि त्यांनी आधी मागच्या दरवाजाकडे बघितलं. साहेबांच्या आवारात? साहेबांच्या नाकाखाली? फौजदारणीने त्यांच्या हातात चौथं कलम दिलं. त्यांनी ते तीनदा वाचलं. मग घाम पुसला आणि कबूल केलं की यात नाही म्हणायला जागा नाही, आणि कागद संध्याकाळी पाचपर्यंत घ्यावेच लागतील.

काडीला दम धरवेना. तिने सवयीने एक मोडकी खुर्ची उचललीसुद्धा.

"ठेव ती खाली," फौजदारीण म्हणाली. "होती तशी ठेव."

काडीला कळलं. तिने खुर्ची परत ठेवली, जरा तिरकी, आणि कालपासून पहिल्यांदा हसली. सगळ्या बाजूला झाल्या. मुकादम आवाराच्या कोपऱ्यात गेले, तिथल्या दगडावर खडूने खूण केली, त्या खुणेवर उभे राहिले आणि त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला. अंगठा कुठे आहे ते त्यांनी दोनदा तपासलं.

नेमका त्याच वेळी मागचा दरवाजा उघडला. मुदतीचा शेवटचा दिवस म्हणून साहेब लवकर आले होते. हातात चहाचा कप, पायात घरातल्या चपला. ते खुर्च्यांच्या ढिगाशेजारी येऊन थांबले आणि कुणाच्या परवानगीने हे चाललंय असं त्यांनी विचारलं. मुकादमांचा हात खाली यायला लागला. सवयच होती ती, साहेब दिसले की सगळं खाली यायचं. मग त्यांनी फौजदारणीकडे बघितलं, आणि हात जिथवर आला होता तिथूनच पुन्हा वर गेला.

साहेबांनी पुन्हा विचारलं, या वेळी चढ्या आवाजात. फौजदारीण आवाराच्या मधून चालत त्यांच्यापासून चार पावलांवर आली.

"जरा बाजूला व्हा, साहेब. आधीचा फोटो चाललाय."

साहेब हलले नाहीत. फौजदारणीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्यामागच्या ढिगाकडे, आणि ती स्वतःच बाजूला झाली.

"नाहीतर राहा उभे," ती म्हणाली. "आधीचाच आहे."