चंद्रीच्या शेपटीवर

मी एक जुना मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. नाक दाबू नका मित्रांनो. वास शेणाचाच आहे, पण तो मी कमावलाय.

दिसायला मी तुमच्या करंगळीएवढा. रंग निळा. दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा पाय, त्यातला एक मोडका. तो कसा मोडला ते सांगायलाच तर बसलोय. माझ्या पोटात एक काळी चिप आहे. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा, वायरीनं माझ्या पोटात ढकलायचा, की मी तेवढंच काम इमानदारीत करत बसतो. मात्र दुसरा प्रोग्राम भरला की पहिला पुसला जातो. माझ्या पोटात एका वेळी एकच गोष्ट मावते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते काही आठवत नाही. समज आली ती पुनावळ्यात, रविराजच्या टेबलावर. रविराज चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. दिवसभर हत्तीएवढी मशीनं दुरुस्त करायची आणि घरी येऊन माझ्यासारख्या चिल्लर मंडळींशी खेळत बसायचं, हा त्याचा छंद. वय पंचेचाळीस, पण खोडीचा विषय निघाला की दहाचा.

माझी पहिली नोकरी म्हणजे निव्वळ चंगळ होती. रविराजच्या घरामागे गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीला लागून रहिमानचाचांचं गॅरेज. रविराजनं मला एक छोटा स्पीकर आणि हालचाल ओळखणारा सेन्सर जोडला आणि चाचांच्या बाकाखाली चिकटवून दिलं. कोणी गाडी घेऊन जवळ आलं की मी हळूच आवाज काढायचो, सुँऽऽऽ! हुबेहूब हवा जाण्याचा. चाचा कान टवकारायचे. पुढचं चाक बघायचे, मागचं बघायचे, बादलीत ट्यूब बुडवायचे. बुडबुडा एक नाही! भिंतीपलीकडे रविराज गोठ्यात तोंडावर टॉवेल दाबून हसायचा, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझाही दिवा आनंदानं लुकलुकायचा.

मग कंपनीत ओव्हरटाइम वाढला. मी फरसाणाच्या रिकाम्या डब्यात, स्क्रूंच्या गर्दीत दीड वर्ष पडून राहिलो. मला वाटलं, संपलो आपण.

आता चंद्रीबद्दल सांगतो. चंद्री म्हणजे रविराजच्या वडिलांची, मारुतरावांची म्हैस. एकेकाळी दावणीला अकरा जनावरं होती म्हणे. आता चारी बाजूंनी बारा-बारा मजली इमारती आणि मधे ही एकटी. मागच्या वर्षी ती भरदुपारी व्याली. रविराज शिफ्टला, त्याची बायको अंजली तिच्या ऑफिसात. मारुतराव पुढच्या खोलीत झोपलेले, आणि त्यांना ऐकू येतं कमी. रेडकाच्या नाकातोंडावर पातळ पापुद्रा तसाच राहिला. तो काढायला दोन बोटं पुरली असती. पण तिथं दोन बोटंच नव्हती. रेडकू गुदमरून गेलं.

या वर्षी चंद्री पुन्हा गाभण राहिली तेव्हा मारुतराव जेवता जेवता म्हणाले, "ह्या खेपेला बी तसंच झालं, तर मी तिला चाकणच्या बाजारात उभी करनार. मुक्या जिवाचे हाल माज्यानं बघवत न्हाईत."

रविराजचा घास हातातच राहिला. तसाच उठला आणि फरसाणाचा डबा उघडला.

जनावर वेणा द्यायला लागलं की शेपूट उचलतं. म्हणून रविराजनं मला कलतं-उभं ओळखणारा एक चिमुकला सेन्सर जोडला, एक बॅटरी दिली, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळलं आणि अंजलीच्या जुन्या साडीच्या पट्टीनं थेट चंद्रीच्या शेपटीच्या बुडाशी बांधलं! मी वर गेलो की वायरीशिवाय सांगावा धाडायचा आणि दिवसभर शेजारीच असणाऱ्या चाचांच्या गॅरेजात ट्रकचा जुना भोंगा वाजायचा.

"फोनवरच का नाही वाजवत?" अंजलीनं विचारलं.

"अगं, कंपनीच्या गेटवर फोन जमा करावा लागतो. तो लॉकरात कोकलत बसेल आणि मी आत बेअरिंग बदलत."

पहिल्या दिवशी मी अकरा वेळा भोंगा वाजवला. चाचा अकरा वेळा धावत आले आणि अकरा वेळा चंद्रीनं त्यांच्यासमोर शेण टाकलं. माझा काय दोष? मला सांगितलं होतं, शेपूट वर गेली की ओरड. मी ओरडलो!

संध्याकाळी रविराज आला तर चाचांनी भोंग्याची वायर उपटून त्याच्या हातात ठेवली.

"रव्या, पुरे झाला तुझा मजाक. पहिले ते सुँ सुँ, आता ही म्हैस. मी काय रिकामा बसलोय काय?"

"चाचा, आईशप्पथ, हा मजाक नाही."

"मग ते सुँ सुँ?"

रविराज खाली बघायला लागला. "ते... मीच करत होतो."

चाचा म्हणाले, "त्या सुँ सुँच्या पायी मी एका पोरीला नवीन ट्यूब टाकून दिली रे. फुकट. म्हटलं, माझ्या हाताखालून पंक्चर गाडी जायला नको. आठ दिवस वाटत होतं, माझेच कान गेले."

मित्रांनो, माझा दिवा त्या वेळी विझलेलाच बरा होता.

मारुतराव कट्ट्यावर बसून हे बघत होते. ऐकू कमी येत असलं तरी त्यांना सगळं कळलं होतं. रविराजला म्हणाले, "तुज्या त्या डबीला म्हैस कळत न्हाई, आन् तुला बी. शेणाला शेपूट येकदा वर जाती आन् खाली येती, झालं. वेणा आल्या की ती वर-खाली, वर-खाली करती. उठती, बसती, पुन्यांदा उठती. घटकाभर तेच. आमाला इचारलं असतंस तर?"

त्या गुरुवारी रविराजची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळभर तो घड्याळ आणि वही घेऊन चंद्रीच्या मागं बसला आणि तिची शेपूट किती सेकंद वर राहते ते लिहीत राहिला. मारुतराव शेजारी बसून चुका काढत होते. दुपारी त्यानं नवा प्रोग्राम माझ्या पोटात ढकलला. जुना पुसला गेला. म्हाताऱ्याचं उभं आयुष्य जनावरांत गेलं होतं, आणि त्यातलं सारं शहाणपण माझ्यात वीसेक ओळींत बसलं.

संध्याकाळी तो गॅरेजात गेला. बाही सरसावली आणि चाचांच्या बादलीसमोर बसून आठ पंक्चर काढली. आठवं झाल्यावर चाचा म्हणाले, "पॅच तिरका बसलाय." आणि भोंग्याची वायर पुन्हा जोडली.

पुढं पाच दिवस मी गप्प. शेण, माश्या, सगळं बघितलं आणि सोडून दिलं. रविराज रोज शिफ्टला जाताना माझी बॅटरी बदलायचा आणि चंद्रीच्या पाठीवर थाप मारायचा.

सहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता मी वर गेलो. खाली आलो. पुन्हा वर. चंद्री बसली, उठली, पुन्हा बसली. मी मोजत होतो. आकडा भरला आणि मी जीव तोडून सांगावा धाडला.

भिंतीपलीकडे भोंगा बोंबलला. कोणी येईना. आता चाचा येतात की "पुन्हा शेण" म्हणून पाना फिरवत बसतात? मी पुन्हा धाडला. मग हातातला पाना फरशीवर आदळल्याचा आवाज आला.

चाचा आले ते आधी पुढच्या खोलीत. मारुतरावांची खाट गदागदा हलवली. "उठा मारुतराव! तुमची चंद्री!"

दोघं गोठ्यात पोचले तेव्हा रेडकू अर्धं बाहेर आलं होतं. चंद्रीनं जोर केला, ते खाली आलं आणि पट्टी सुटून तिच्या पायात मीही पडलो. तिचा खूर माझ्या कडेवर आला. कट्! तोच हा मोडका पाय.

रेडकाच्या तोंडावर पापुद्रा तसाच. मारुतरावांनी चंद्रीला दाव्याला आवळून धरलं. "रहिमान, तू काड! नाकावरनं फाड!" चाचांनी ग्रीसची बोटं पायजम्याला पुसली, पापुद्रा फाडला, नाक मोकळं केलं. रेडकू हलेना.

"काडी घाल नाकात. गवताची. हां, घाल, भिऊ नको!"

चाचांनी काडी घातली. एक क्षण काही नाही. आणि मग रेडकू असं शिंकलं, असं शिंकलं, की चाचांची दाढी भिजली.

मारुतराव मटकन खाली बसले आणि हसायला लागले. डोळे पुसत होते आणि हसत होते. रविराजनं संध्याकाळी गेटवरून फोन लावला, तेव्हा चाचांनी एवढंच सांगितलं, "मुलगी झाली. नाव मी ठेवलंय. भोंगी."

चाकणच्या बाजाराचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आणि मी? मी खराट्याबरोबर उकिरड्यावरच जायचो. पण चाचांनी मला शेणातून उचललं, पेट्रोलच्या बोळ्यानं पुसलं आणि रविराजपुढं धरलं. "एक पाय गेला तर काय झालं? बाकीचे आहेत ना?" तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी असा जुना बोर्ड पडला असेल तर फेकू नका. पुसा, वायर लावा, विचारा त्याला, काय काय जमतं अजून. आणि खोड्या काढा, बिनधास्त काढा. पण अशा काढा, की ज्याची काढली तो भोंगा वाजल्यावर पाना टाकून धावला पाहिजे.

सध्या मी चाचांच्या नोकरीत आहे. मंजुषा म्हणून त्यांचं एक गिऱ्हाईक आहे, ती मुलांना कॉम्प्युटर शिकवते. ज्या पोरीला फुकट ट्यूब मिळाली होती, ती हीच. चाचांनी तिच्याकडून माझ्या पोटात पहिल्या नोकरीसारखाच प्रोग्राम नव्यानं लिहून भरून घेतला, स्पीकर जोडला आणि मला रविराजच्या मोटारसायकलच्या सीटखाली चिकटवलं.

रविराज आताच शिफ्टवरून आलाय. चाचा पाना हातात घेऊन उगाचच कामात आहेत. गप्प बसा हं...

सुँऽऽऽ!

वाकला बघा.