रविवारची यादी

महाडच्या रक्तदाता मंडळाच्या ऑफिसात त्या दिवशी सकाळी अकराला रावजी आला, तेव्हा गंगाधर सर एकटेच होते. रावजी कुडपणचा शेतकरी. त्याची सून पूजा महाडला दवाखान्यात दाखल होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन करायचं ठरलं होतं, पण तिच्या अंगात रक्त कमी होतं आणि तिचा गट बी निगेटिव्ह. महाडच्या छोट्या रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. "डागदर बोलले, सांजच्यापर्यंत दोन मानसं आना," रावजी म्हणाला.

गंगाधर सर निवृत्त शिक्षक, मंडळाचं काम तेच बघायचे. त्यांनी संगणकावर चारशे बारा दात्यांची यादी उघडली आणि बी निगेटिव्हसमोरचे नंबर फिरवायला घेतले. पहिला सहदेव, तो म्हणाला, माझा ए पॉझिटिव्ह. दुसऱ्या कमळाबाई, त्यांचा ओ. तिसराही ओ. चौथ्या फोननंतर सरांचा चेहरा उतरला. त्यांनी अनुपमाला बोलावून घेतलं आणि कोण काय म्हणालं ते सांगितलं.

अनुपमा त्यांची जुनी विद्यार्थिनी. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करून २००८मध्ये महाडला परतली होती आणि बाजारपेठेत संगणकाचे क्लास चालवत होती. मंडळाची यादी तिनेच बसवून दिली होती. दर रविवारी येऊन ती यादीची त्या दिवशीची प्रत मर्क्युरियल नावाच्या एका साधनात जपून ठेवायची. त्यात प्रत्येक आठवड्याची यादी जशीच्या तशी राहायची, कधीही मागे जाऊन काढता यायची.

तिने यादी वरखाली पाहिली. "सर, काल काही केलंत का हिच्यात?"

"नावं अकारविल्हे लावली. शोधायला बरं पडेल म्हणून."

"किती रकाने निवडले होते?"

सरांनी आठवून सांगितलं, "नाव, गाव आणि फोन."

रक्तगटाचा रकाना राहून गेला होता. माणसं हलली आणि गट जागच्या जागी राहिले. आता चारशे बारातलं कुणाचं रक्त कुठलं, ते यादीवरून कळायला मार्ग नव्हता.

"घाबरू नका, रविवारची प्रत आहे," अनुपमा म्हणाली आणि तिने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून आज्ञा दिली. उत्तरात चूक झाल्याचा संदेश आला: सेटिंगच्या फाइलमध्ये चौथ्या ओळीत चूक आहे. तिने दुसरी आज्ञा दिली. तोच संदेश. साधन काही करायच्या आधी ती फाइल वाचायला जात होतं आणि तिथेच अडून बसत होतं.

सोमवारी मुंबईहून एक तंत्रज्ञ येऊन संगणक नीट करून गेला होता. त्याने त्या फाइलमध्ये काहीतरी अर्धवट लिहून ठेवलं होतं. ती फाइल बदलायला त्याचा पासवर्ड लागत होता, आणि पेन ड्राइव्हची सोयही त्याने बंद करून टाकली होती, म्हणजे प्रत दुसऱ्या संगणकावर नेऊनही उघडता येत नव्हती. त्याचा फोन बंद लागत होता.

रावजी दाराशी उभा होता. "ताई, होईल ना गो?"

"बसा तुम्ही. बघते मी."

सर खुर्चीतून उठले आणि रावजीसमोर जाऊन उभे राहिले. "रावजी, यादी माझ्या हातून बिघडली. हिचा काही दोष नाही."

रावजी म्हणाला, "तुमी मुद्दाम केलं नाय, गुर्जी."

अनुपमा पडद्याकडे बघत होती. फाइल बदलता येत नसेल, तर ती वाचूच नये असं सांगता येईल का? पुण्यात एकदा एका सहकाऱ्याने तिला दाखवलं होतं. साधन सेटिंगच्या फाइली शोधायला निघण्याआधी एक गोष्ट बघतं: खिडकीत ठरवून ठेवलेल्या नावांमध्ये, म्हणजे एन्व्हायर्नमेंटमध्ये, HGRCPATH या नावाखाली काही लिहून ठेवलंय का. लिहिलेलं असेल, तर तिथे सांगितलेली फाइलच वाचायची, नेहमीच्या ठिकाणी जायचंच नाही. असं नाव त्या खिडकीपुरतं ठरवायला कुणाचा पासवर्ड लागत नाही.

तिने आपल्या फोल्डरात एक रिकामी फाइल केली. खिडकीत HGRCPATH या नावापुढे त्या फाइलचा पत्ता लिहिला. मग पुन्हा रविवारची यादी मागितली.

या वेळी संदेश आला नाही. यादी आली.

तिने ती उघडली, सहदेवचं नाव शोधलं. ए पॉझिटिव्ह. फोनवर त्याने स्वतः सांगितलं होतं तेच. कमळाबाईंचा ओ. अनुपमा सरांकडे वळली. "सर, बरोबर आहे सगळं. बी निगेटिव्ह सात जण आहेत. सांगते, तुम्ही लावा."

पहिला फोन उचलला गेला नाही. दुसरा सुरतला होता. तिसरा पोलादपूरचा गोमाजी, त्याचं टायरचं दुकान. तो म्हणाला, "गिऱ्हाईक हाय समोर, ह्याचं चाक लावतो आनि निघतो." चौथा तुडीलचा धोंडू. त्याने फक्त दवाखान्याचं नाव विचारलं.

सरांनी फोन ठेवला आणि टेबलावरच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. आता ते हसत होते. रावजी तोवर जिना उतरून दवाखान्याकडे निघालाही होता.

दुपारी तीनपर्यंत दोघांनी रक्त दिलं. तपासण्या झाल्या, पिशव्या जुळल्या. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ऑफिसात फोन वाजला. तंत्रज्ञाचा फोन अखेर लागला होता, आणि अनुपमा तेव्हा त्याच्याकडून चौथी ओळ दुरुस्त करून घेण्यासाठी तिथेच आली होती. फोन सरांनी घेतला.

"मुलगी झाली, गुर्जी. दोगी बऱ्या हायत."

सरांनी रिसीव्हर अनुपमाच्या हातात दिला. तिने रावजीचं बोलणं ऐकलं, बाळाचं वजन विचारलं आणि फोन ठेवला. सर खिडकीशी जाऊन उभे होते.

थोड्या वेळाने ते वळले. "अनुपमा, ते रविवारचं जपून ठेवायचं कसं करतेस, मला शिकव. दर वेळी तू येशीलच असं नाही."

तिने आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली आणि त्यांच्यासाठी जागा केली.