आमच्या बुवाचे मासे अन् माही इज्जत

माहं नाव सीमा. पण जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत मले सारे आशाताईच म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मले माहीत हाय, पण ते अठी सांगत नाही. पावसाळा लागला की घरोघरी जाचं, पाण्याच्या भांड्यात टॉर्च मारून डासाच्या अळ्या पाहाच्या, अन् सापडल्या की पाणी फेकाले लावाचं, हे आशा वर्कर म्हणून माहं काम. अकोल्यात नळ किती दिवसांनी येते, ते काही नव्यानं सांगाले नको. तसं जपून भरलेलं पाणी 'फेका' म्हणणारी बाई कोणाले आवडन? सासू परवडली!

पोळ्याच्या आधी मी शेजारच्या माणिकबाईचा अख्खा ड्रम आडवा केला. अळ्या वळवळून राहिल्या होत्या, मी काय करू? नालीतून वाहणाऱ्या पाण्याकडं पाहत माणिकबाई म्हणाल्या, "सीमे, तुह्या घरात एक जरी अळी सापडली नं, तं या गल्लीत कोणाच्या दारात उभी राहू देणार नाही तुले."

मी बी तोऱ्यात म्हणलं, "शोधून दाखवा."

बोलून तं गेली. या कामात आमच्याजवळ दुसरं काय असते हो? जबानच असते. ती एकदा खोटी ठरली की कोणी आशाताईसाठी दार उघडत नाही. अन् दार उघडलं नाही तं डेंग्यू घरात हाय का नाही हे कोणाले समजन?

आता आमच्या बुवाचं, म्हणजे माह्या नवऱ्याचं, ऐका. शेखर त्याईचं नाव. आमी मूळचे हिवरखेडचे माळी, अठी घरापुढंच भाजीचं दुकान हाय. आमची आचल यंदा कॉलेजसाठी अमरावतीले गेली. तिले होस्टेलवर सोडाले हे गेले, अन् येताना एसटीत मांडीवर दोन बरण्या घेऊन आले. एका बरणीत निळा मासा, दुसरीत बारकी भुरकट मासोळी.

"बेटा जातीचे मासे हायेत," हे म्हणाले.

मी म्हणलं, "बेटी सोडून आले अन् बेटा घेऊन आले काय?"

हसले नाहीत. पोरगी गेल्यापासून घरात यांचं मन लागत नव्हतं, ते मले दिसत होतं, म्हणून मी पुढं काही बोलली नाही. तेच चुकलं. निळ्या माशाचं नाव यांनी 'पाटील' ठेवलं. नाव बाकी शोभून दिसे. पिसारा फुलवून बरणीत असा फिरे, जशी काय ग्रामपंचायत याच्याच खिशात हाय. अन् आरसा दाखवला की त्या आरशातल्या पाटलावर धावून जाये.

मंग यांच्या डोक्यात पिल्लं काढाचं खूळ शिरलं. पहिल्या खेपेले पाटलानं त्या बिचारीचे पंख फाडले. दुसऱ्या खेपेले अंडे झाले, ते पाटलानंच गिळले. ते ऐकून आमचे बुवा दिवसभर जेवले नाहीत. गिऱ्हाइकानं मेथी मागितली तं पालक देत होते. तिसऱ्या खेपेले मागच्या खोलीत पसरट टब मांडला, त्यात देशी बदामाचं वाळलं पान टाकलं. पाटलानं तोंडानं बुडबुडे सोडून सोडून पानाखाली फेसाचं घरटं केलं. अंडे झाले. ते सारे त्यानं वेचून त्या फेसात ठेवले.

"आता मादीले काढून घ्याचं," हे म्हणाले. "पुढचं सारं बाप पाहते."

"सारं म्हणजे?"

"सारं. अंडे सांभाळणं, पिल्लू खाली पडलं की उचलून वर ठेवणं. झोपत नाही तो."

मले असा राग आला! म्हणलं, "आचल रातभर रडे तवा तुमी दुसऱ्या खोलीत उशी घेऊन जात होते. हे मासे तवा काहून नाही आणले? पाहून तरी शिकले असते!"

यांनी खाली मान घातली. पण खरं सांगते, पाटलाले तसं राबताना पाहून मले बी बरं वाटे. जाता-येता मी डोकावून जाये.

तेवढ्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात, गल्लीतल्या साऱ्या बाया हळदीकुंकवाले येतात. माणिकबाई बी आल्या. कुंकू लावून घेतलं, प्रसाद खाल्ला, "मखर साजरं केलं वं" म्हणल्या, अन् हात धुवाच्या निमित्तानं थेट मागच्या खोलीत गेल्या.

"अव माय वं! धावा वं, धावा! आशाताईच्या घरी अळ्या!"

साऱ्या बाया आत. मी बी धावली, हातात कुंकवाचा करंडा तसाच. टबात पाहिलं. पाण्याच्या वरच्या अंगाले, फेसाखाली, बारीक बारीक काड्या लटकून राहिल्या होत्या. हलल्या की वळवळ. ट्रेनिंगमधी शिकवलेली अळी अगदी अशीच लटकते. सकाळीच अंडे फुटले होते, अन् माह्या सैपाकाच्या धांदलीत यांनी मले सांगतलंच नव्हतं.

"अळ्या नाहीत, पिल्लं हायेत!" हे दुकानाकडून पळत येऊन म्हणाले.

"हो का?" माणिकबाई कंबरेवर हात ठेवून. "माह्या ड्रममधले बी पिल्लंच होते मंग. मी म्हणलं तवा कोणी ऐकलं काय? फेक म्हणलं, फेकलं. आता तू फेक, सीमे."

साऱ्या माह्याकडं पाहून राहिल्या. मी यांच्या तोंडाकडं पाहिलं. रडाच्या बेतात होता माणूस. पण मी दुसऱ्याच्या घरी कोणाचं ऐकते? कोणी म्हणते गंगेचं पाणी हाय, कोणी म्हणते नवसाचं हाय. मी फेकालेच लावते.

मी टबाचा काठ धरला. "फेकते," म्हणलं.

"दोन मिनिट थांब वं," हे हात जोडून म्हणाले. माह्यापुढं! "अळ्या असत्या तं पाटलानं आतापर्यंत एक ठेवली नसती. अळी म्हणजे त्याले भजं वाटते. पाहा तुमी. फक्त हल्लागुल्ला करू नका, घाबरला तं सोताचेच लेकरं खाते."

"बरं," माणिकबाई म्हणल्या. "खाल्ली तं अळी. नाही खाल्ली तं पिल्लू. पाहा वं बायांनो."

बाया टबावर वाकलेल्या, कोणाचा पदर पाण्यात. पाटील फेसाखाली फिरून राहिला होता. तितक्यात एक काडी फेसातून सुटली अन् घरंगळत खाली जाऊ लागली. पाटील वळला, सपकन गेला, अन् गट्ट!

"खाल्लं!" माणिकबाईनं टाळी मारली. "खाल्लं, खाल्लं! अळीच होती!"

यांचा चेहरा पांढरा पडला. माही इज्जत तं गेलीच होती, पण त्या घडीले मले पाटलाचाच राग आला. मेल्या, मी तुह्यावर भरोसा ठेवला होता!

पाटील गाल फुगवून वर आला. फेसाजवळ थांबला. अन् थू! काडी तोंडातून बाहेर, फेसात. लटकली पहिल्यासारखी.

मंग दुसरी पडली. पुन्हा गेला, तोंडात धरली, वर आणून थुंकली.

"बाप्पा बाप्पा," माणिकबाई हळूच म्हणल्या. "बापच हाय वं हा." अन् तिथंच खाली बसून इतक्या हसल्या की नथ सांभाळावी लागली. साऱ्या बाया हसाले लागल्या. माह्या डोळ्यातून पाणी आलं. हसू होतं का रडू, ते मले अजून समजलं नाही.

अठी हे चूप बसले असते तं काय बिघडलं असतं? पण यांच्या माशाचं इतकं कवतिक आजवर कोणी केलंच नव्हतं. माणिकबाईनं सहज विचारलं, "मंग हा पाटील जेवते तरी काय हो?"

आमचे बुवा छाती फुगवून म्हणाले, "जित्त्या अळ्या! ताज्या, घरच्याच! स्लॅबवर बादलीत मीच तयार केल्या. चाला, दाखवतो!"

आधी मले वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मंग यांच्या तोंडाकडं पाहिलं. आपण काय बोललो ते यांच्या बी ध्यानात आलं होतं. बैताड माणूस!

साऱ्या स्लॅबवर गेलो. जुन्या कूलरमागं, पोत्याखाली बादली. मी पोतं उचललं. अळ्या! इतक्या की माणिकबाईच्या ड्रममधल्या त्यापुढं काहीच नाही. मी दिवसभर गल्ली पालथी घालत होती, अन् माह्याच डोक्यावर हे डासाची शेती करून राहिले होते.

कोणी काही म्हणलं नाही. माणिकबाई बी नाही. त्या बोलल्या असत्या तं बरं झालं असतं, मी भांडली तरी असती.

मी बादली उचलली अन् तापल्या स्लॅबवर सारी पालथी केली. मंग खाली गेली. ज्या घरी अळ्या सापडतात त्याच्या दारावर मी खडूनं लिहून येते. पिशवीतला खडू काढला, अन् महालक्ष्म्याचं तोरण बाजूले करून सोताच्या दारावर लिहिलं, 'अळी आढळली'. खाली तारीख टाकली. अक्षर वाकडं आलं. बाया गुपचूप चपला घालून निघून गेल्या.

"पाटील आता काय खाईन?" हे मागून म्हणाले.

"दुकानातल्या गोळ्या खाईन! नाहीतर तुमाले खाईन!"

दुसऱ्या दिवशी सकाऊन टॉर्च घेऊन निघाली. पाय उचलत नव्हते. आज कोणी दार उघडणार नाही, हे मी धरूनच चालली होती. कोपऱ्यावर वळली तं माणिकबाई दार सताड उघडं टाकून, साऱ्या बादल्या अन् गंज-भांडे अंगणात मांडून उभ्या होत्या.

"ये वं सीमे, पाहून घे," त्या म्हणाल्या. "तुह्या घरापेक्षा तं बरंच निघन."