कड्यावरून

"तुमी खोटं लिवलं," तानाबाई म्हणाली आणि टेबलावरचा कागद तिने दोन बोटांनी कचेरीतल्या साहेबांकडे ढकलला. "माह्या पोराले कड्यावरून तुमी पाडलं. कागदावर पाडलं."

कागद पंख्याने उडू नये म्हणून साहेबांनी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. ते चिडले नाहीत. चिडायलासुद्धा समोरच्या माणसाची थोडी किंमत वाटावी लागते.

"मावशी, मी इथं बुलडाण्यात बसतो. मी कशाला लिहू? परदेशातून आलं ते मराठीत वाचून दाखवलं."

"मंग पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. अश्वजित माणिकराव वानखडे, राहणार देऊळघाट, हा रविवारी सुट्टीच्या दिवशी एकटा फिरायला गेला असता समुद्रकाठच्या कड्यावरून तोल जाऊन पडला व मरण पावला. कामाशी संबंध नाही. कुटुंबाची तक्रार नाही. त्याखाली सहीसाठी एक रेघ.

"इथं सही केली की पेटी विमानात चढते," साहेब म्हणाले. "नाही केली तर चौकशी. चौकशी म्हटलं की वर्षही जातं. तोवर तो तिकडेच, बर्फात." एसटी कधी सुटते ते सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं.

शेजारी बसलेली धम्मशीला आईच्या कानाशी वाकली. भाऊ गेल्यापासून तिचा आवाज बसला होता.

"माय, करून टाक सही. भंतेजी रोज इचारून राह्यले, जलदान विधी कधी ठेवता म्हणून. दादाले घरी तं येऊ दे."

तानाबाईने पेन उचललं. शेडनेटमध्ये टमाट्याच्या फुलाफुलाला पराग लावून तिची बोटं हिरवट काळी पडली होती. साबणाने तो रंग जात नाही. पेन तिने रेघेपर्यंत नेलं आणि तिथेच धरून ठेवलं.

"तो त्या दिवशी फिराले गेला होता, हे कोन सांगतलं?"

साहेबांनी फाइलचं पान उलटलं. "तुम्ही."

"मी?"

"तुम्हाला तिकडून फोन आला होता ना, कंपनीच्या एका मॅडमचा? रविवारी मुलगा काय करतो म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, फिरते, लय फिरते, कामाचं काही ओझं नाही त्याले. तेच इथं घेतलंय."

फोन आला तेव्हा पोरगा गेल्याचं तिला अजून कळलं नव्हतं, आणि ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. पोरगा तिकडे मोठ्या हॉटेलात ऑफिसचं काम पाहतो आणि सुट्टीला बेट हिंडतो, हे तिने गल्लीभर सांगितलं होतं. भूमध्य समुद्रातल्या त्या बेटाचं नाव तिच्या तोंडात कधी बसलं नाही. सगळे नुसतं 'बेट' म्हणत. पोरगा बी.ए. झालेला. पोराने तिला सांगितलं ते तिने बायकांना सांगितलं, आणि बायकांच्या देखत त्या मॅडमला.

"फोटो असतील ना त्याचे?" साहेब म्हणाले. "दाखवा. म्हणजे तुमचीच खात्री पटेल."

धम्मशीलाने मोबाइल काढून पुढे धरला. साहेब अंगठ्याने फोटो सरकवू लागले, आणि तानाबाईच्या तोंडून सवयीने शब्द निघू लागले. घरी रोज संध्याकाळी ती असंच बेट दाखवायची.

"हे गाव. सारं पिवळ्या दगडाचं हाय. गॅलऱ्या लाकडाच्या, लाल, निळ्या."

"हं."

"ह्या नावा. नावेले समोरून डोळे काढेल हायेत. समुद्रात वाट दिसली पाह्यजे म्हणून, तो म्हने."

"आणि हे?"

"हे त्याइचं देऊळ. दोन घड्याळं हायेत. एक मुद्दाम चुकीचं ठेवलं. सैतानाले खरा टाइम समजू नये म्हणून."

साहेबांना हसू आलं. "सोय चांगली आहे."

"हा किनारा. रेती नाही, सपाट खडक हाय. पानी पाहा कसं हाय. मी त्याले इचारलं, हे पानी पेता येते का बे? तं हसत सुटला." तीही हसल्यासारखी झाली. "आमच्या बाजूची रुख्मिणी म्हने, तुहा पोरगा कामाले गेला का हनिमूनले?"

धम्मशीलाने मान फिरवली.

"बघा मावशी," साहेब म्हणाले. "सगळे फोटो उंचावरून काढलेत. म्हणजे कड्यावर जायची सवयच होती त्याला. आणि हे हिरवं काय आहे कडेला? बऱ्याच फोटोंत दिसतंय."

"ते हाटेलची जाळी. ऊन लागू नये म्हणून बांधेल हाय. आमच्या शेडनेटले असते तशीच. मी इचारलं होतं त्याले, तं म्हने, हाव माय, ऊन लय हाय इथं."

"असेल." साहेबांनी मोबाइल तिच्यापुढे ठेवला आणि घड्याळ पाहिलं. मेलेल्याला घाई नसते. जेवणाच्या सुट्टीला असते. "करा सही."

पंखा गरम वारा फिरवत होता. शिपायाने येऊन खिडकी उघडली. रस्त्यापलीकडे एका दुकानावर नवे मजले चढत होते. लोखंडी पाइपांचा सांगाडा, आणि त्याला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. वरच्या फळीवर एक मजूर उकिडवा बसला होता. जाळीच्या कडेतून हात बाहेर काढून तो खालच्या बाजाराचा फोटो काढत होता.

तानाबाई बघत राहिली. मजुराने फोटो काढला, मोबाइल तोंडासमोर धरला आणि कुणाशी तरी हसून बोलू लागला.

"साहेब, त्या इमारतीले जाळी कायले बांधली? उन्हासाठी?"

"उन्हासाठी कशाला?" साहेब फाइल आवरत होते, त्यांनी वरही पाहिलं नाही. "बांधकामाला असतेच ती. वरून विटा, माणूस, काही खाली पडू नये म्हणून."

बोलून झाल्यावर त्यांचा हात फाइलवरच थांबला.

धम्मशीलाने मोबाइल ओढून घेतला. ती मागे मागे जात राहिली. पिवळं गाव, कडेला हिरवं. दोन घड्याळांचं देऊळ, कडेला हिरवं आणि एक गंजलेला पाइप. सपाट खडक, स्वच्छ पाणी, हिरवं. पाण्यात उभा राहिलेला अश्वजित कुठेच नव्हता. "माय," ती म्हणाली आणि तिने मोबाइल आईपुढे धरला.

तानाबाईने पेनाला टोपण लावलं.

"रविवारचा काढ. सकाळी आला होता तो."

शेवटचा फोटो. खूप खाली समुद्र, डोळे काढलेल्या नावा बोटाएवढ्या. आणि कडेला तीच जाळी, दोरीतून सुटून वाऱ्यावर बाहेर उडालेली.

पाण्याचा ग्लास तिने बाजूला केला. मोबाइल कागदावर ठेवला, नेमका त्या रेघेवर.

"सही करतो, साहेब. माह्या पोराले घरी आनासाठी कायच्या बी खाली सही करतो मी," ती म्हणाली. "आगुदर एक सांगा. कड्याले जाळी कोन बांधते?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मग शिपायाकडे.

"त्याच्याकडे नोका पाहू. मले सांगा."